दोन बोटांनी आवळलेला बोल्ट

ऐक, आधी नुसतं ऐक. मध्ये एक शब्द बोलायचा नाही, आणि ‘बरी जिरली’ असं तर अजिबात म्हणायचं नाही. कारण घड्याळकाकांचं जे झालं ते ऐकताना पहिल्यांदा हसूच येतं, मलाही आलं. पण ते हसू नंतर घशात कुठेतरी अडकून बसतं आणि दोन दिवस निघत नाही.

घड्याळकाका म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातले गं. दुकान म्हणजे काय, एक काउंटर, एक स्टूल, एक वाकड्या मानेचा दिवा आणि भिंतीवर एकोणीस घड्याळं. बाराच्या ठोक्याला आत उभं राहिलं तर दात हलतात. काकांच्या कपाळावर ते काळं भिंग असतं, एका डोळ्यावर ओढून बघायचं असतं ना, तसलं. ते इतकं अंगवळणी पडलंय की एकदा ते लावूनच न्हाव्यासमोर जाऊन बसले होते, आणि न्हाव्यानं कात्री हातात घेऊन विचारलं की हे केसांच्या आत आहे का बाहेर.

काकांचा धंद्यातला एकच नियम. स्क्रू आवळायचा तो दोन बोटांनी. अंगठा आणि त्याच्या शेजारचं. तिसरं बोट लागलं की आवळणं संपलं आणि तोडणं सुरू झालं. तीस वर्षांत त्यांच्या हातून एकही स्क्रू तुटला नाही. हे ते सगळ्यांना सांगतात, विचारलं नाही तरी सांगतात.

पण आता घड्याळं दुरुस्तीला आणतं कोण? वेळ बघायला सगळ्यांकडे मोबाईल. दिवसाकाठी दोन-तीन सेल बदलायचे आणि उरलेला दिवस त्या एकोणीस जणांना चावी देत बसायचं. पूर्वी काम करताना काका शीळ घालायचे, तोंडातल्या तोंडात, सूर-बीर काही नाही, नुसती हवा. ती कधी बंद झाली ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. म्हणजे, एकीच्या आलं. पण ते नंतर.

ती एक म्हणजे त्यांची लेक, भिंगरी. पाय जमिनीला लागत नाहीत म्हणून लहानपणापासून भिंगरी. ती घरोघरी जाऊन आजारी माणसांना व्यायाम देते. कोणाचा गुडघा, कोणाचा खांदा, कोणी पडून उठलेलं. नुकतीच लागली होती नोकरीला, सहा महिने बघू म्हणाले होते, आणि अट एकच: स्वतःची गाडी पाहिजे, कारण पेशंट चार दिशांना आणि अर्धे टेकडीवर. म्हणून तिनं एक जुनी गाडी घेतली. किती जुनी, तर तिच्या आधी तिघांनी वापरून कंटाळून सोडलेली. एकच वायपर चालायचा. समोरचा कप्पा खड्डा आला की आपोआप उघडायचा, जणू काही दाखवायचंय त्याला. डॅशबोर्डवरचं घड्याळ कायम बारा वाजून शून्य मिनिटं दाखवत लुकलुकायचं. पण चालायची गाडी. गाडी होती म्हणून नोकरी होती, सरळ हिशेब.

तर भिंगरीनं गाडी घेतल्याबरोबर उतारावरच्या गॅरेजवाल्याला दाखवली. त्याला सगळे दादा म्हणतात. दादाचे हात बघितलेस का कधी? एकेक बोट म्हणजे टॉर्च. त्यानं गाडी वरून बघितली, खालून बघितली, आणि म्हणाला, बाकी सगळं नंतर, आधी टायमिंग बेल्ट बदला. आधीच्या मालकांनी कधी बदलला ते कोणाला माहीत नाही, आणि हा रबराचा पट्टा असा आहे की जाताना सांगून जात नाही. आवाज नाही, धूर नाही, दिवा लागत नाही. भिंगरीनं विचारलं, तुटला तर काय होईल? दादानं दोन्ही हात समोर धरून दाखवलं. म्हणाला, एक अरुंद दार समजा. खालून पिस्टन वर येतो, वरून व्हॉल्व्ह खाली येतो, दोघांना त्याच दारातून जायचंय. बेल्ट दोघांना सांगत असतो, आता तू, आता तू, मिनिटाला हजारो वेळा. बेल्ट गेला की दोघं एकदम दारात. असं म्हणून त्यानं आपले दोन तळहात एकमेकांवर असे आपटले की गॅरेजमधलं मांजर पळालं.

भिंगरीला शुक्रवार-शनिवार पेशंट जवळच्या जवळ होते, चालत जाण्यासारखे. म्हणून तिनं गुरुवारी संध्याकाळी किल्ली काकांच्या हातात दिली आणि सांगितलं, बाबा, उद्या गाडी दादाकडे टाकून या, दोन दिवसांत करून देईल. दादाला ती मुद्दाम काही बोलली नव्हती, बाबा बोलतील म्हणून.

आणि इथेच सगळं सुरू झालं.

कारण दादावर काकांचा राग होता. दादाकडे त्याच्या वारलेल्या वडिलांचं मनगटी घड्याळ आहे, चावीचं. त्याला तो रोज सकाळी चावी द्यायचा, आणि त्या टॉर्चसारख्या बोटांनी पिळून पिळून चावी मोडायचा. एकदा मोडली, काकांनी करून दिली. दुसऱ्यांदा मोडली, काकांनी करून दिली आणि समजावलं. तिसऱ्यांदा मोडली तेव्हा दुकानात चार गिऱ्हाईकं होती, आणि काकांनी त्या चौघांच्या देखत त्याला सुनावलं की बाबा रे, हे घड्याळ आहे, जॅक नाही, हातात जीव नको तेवढा आहे पण अक्कल कुठाय. दादानं घड्याळ घेतलं आणि गेला. त्यानंतर ते घड्याळ त्यानं परत कधी आणलंच नाही.

अशा माणसाकडे लेकीची गाडी? काका किल्ली हातात घेऊन उभे राहिले आणि त्यांच्या मनात जे आलं ते त्यांनी काकूंना बोलूनही दाखवलं: “टायमिंग लावायचंय ना? मग तीस वर्षं मी काय करतोय?”

काकूंना वाटलं, हे आपलं सहज बोलतायत. काकू वीजमंडळात तक्रारीच्या खिडकीवर बसायच्या, वीस वर्षं. त्यामुळे माणसं बोलायला लागली की त्यांचे कान आपोआप बंद होतात.

पण काका सहज बोलत नव्हते. त्यांनी त्याच संध्याकाळी रद्दीवाल्याकडून त्याच गाडीचं दुरुस्तीचं पुस्तक मिळवलं. रात्रभर भिंग लावून वाचलं. आणि त्यांच्या लक्षात आलं की अरे, हे तर घड्याळच आहे! खाली एक चाक, वर एक चाक, दोघांवर एकेक खूण, खुणा जुळवायच्या, दातेरी पट्टा चढवायचा, ताण द्यायला एक छोटी चकती असते, टेन्शनर म्हणतात तिला, ती बेल्टवर दाबून धरायची आणि तिचा बोल्ट आवळायचा. झालं. त्यात एवढं काय आहे? फक्त सगळं ढब्बू. हत्तीनं मनगटावर बांधायचं घड्याळ.

बोल्ट किती आवळायचा त्याचाही पुस्तकात आकडा दिला होता. काकांनी तो वाचला आणि हसून पान उलटलं. पुस्तकं लिहिणारे काय, काहीही लिहितात.

शुक्रवारी गाडी दादाकडे गेलीच नाही. काकांच्या दुकानामागे सुतारकाकांचं आवार आहे, भुशानं भरलेलं, तिथे गेली. आणि काका जे कामाला लागले! त्यांनी एकेक बोल्ट काढला, पुसला आणि काड्यापेटीच्या खोक्यात ठेवला. एका बोल्टला एक खोकं, प्रत्येक खोक्यावर नंबर, आणि बाजूला कागदावर नकाशा की कोण कुठला. खालच्या चाकाचा मोठा बोल्ट मात्र हलेना. काकांनी त्याला सुईच्या टोकानं तेल घातलं, एक थेंब, दहा मिनिटं थांबायचं, परत एक थेंब. जेवायची वेळ झाली तरी बोल्ट तिथेच आणि काका तिथेच. शेवटी सुतारकाका पटाशी टाकून उठले, पान्यावर चार फुटी पाईप चढवला, एकच हिसका दिला आणि म्हणाले, चला जेवायला. परत बसवतानाही तो बोल्ट सुतारकाकांनीच आवळला, त्याच पाईपनं. लक्षात ठेव हे.

खुणा जुळवल्या त्या तर काय सांगू. चाकांवरच्या मूळ खुणा काकांना जाड वाटल्या. म्हणून त्यांनी घड्याळाच्या काट्यांना लावतात ते रेडियम घेतलं, अंधारात हिरवं चमकतं ना, ते, आणि पापणीच्या केसाएवढ्या ब्रशनं तीन ठिपके दिले. एक खालच्या चाकावर, एक वरच्या, एक बेल्टवर. मोहरीच्या दाण्याहून लहान. मग नवा बेल्ट चढवून टेन्शनर दाबला, बोल्ट घेतला, आवळला. दोन बोटांनी. पाना होता हातात, पण धरला कसा, चिमटा धरतात तसा. बोल्ट बसला, किंचित अडला, आणि काकांचा हात तीस वर्षांच्या सवयीनं तिथेच थांबला.

पुस्तकात लिहिल्याप्रमाणे इंजिन हातानं दोन पूर्ण फेरे फिरवून बघितलं. तीन ठिपके परत बरोब्बर समोरासमोर. किल्ली फिरवली. गाडी अशी गुणगुणायला लागली की सुतारकाका रंधा थांबवून ऐकत उभे राहिले.

आणि काका शीळ घालायला लागले.

शनिवारी संध्याकाळी किल्ली परत देताना काका खोटं काहीच बोलले नाहीत. नुसतं म्हणाले, झालं काम. भिंगरी गाडीत बसली, चालू केली, क्षणभर समोर बघत राहिली. मग खिडकीतून म्हणाली की दादानं छान केलंय हं. हा झाला काकांचा खरं सांगायचा पहिला चान्स. त्यांनी काय करावं? ते म्हणाले, हो, हात बरा आहे त्याचा. बघ म्हणजे! ज्याला चार माणसांत अक्कल विचारली, त्यालाच आता चोरून सर्टिफिकेट.

पुढचे अकरा दिवस काकांचा रुबाब बघायचा होतास. भिंगरी कामावरून आली की हे फाटकात उभे, बॉनेटला कान लावायचे, डोळे मिटायचे, मान डोलवायची. यंत्र बंद पडण्याआधी बोलतं, असं त्यांचं म्हणणं. घड्याळ बोलतं ना, म्हणून. पण रबर बोलत नाही गं. दादानं तेच तर सांगितलं होतं.

बाराव्या दिवशी सकाळी भिंगरी टेकडीचा चढ चढत होती. वर एक म्हातारे पोहण्याचे मास्तर राहतात, पाय मोडला होता, त्या दिवशी पहिल्यांदा काठीशिवाय चार पावलं टाकायची असं ठरलं होतं. चढाच्या मध्यावर आतून खट्ट असा आवाज आला, एकच, आणि इंजिन गप्प. शिव्या नाहीत, खोकला नाही, गप्प. भिंगरीनं गाडी कशीबशी बाजूला घेतली, चाकाला दगड लावला, घरी फोन केला, उरलेला चढ पायी चढली आणि वेळेवर मास्तरांच्या दारात उभी राहिली. अशी आहे ती. घामाघूम होऊन दुसऱ्याला म्हणते, चला, चालायचंय ना.

फोन घेतला काकूंनी. आणि काकूंच्या आत काहीतरी पेटलं. वीस वर्षं दुसऱ्यांच्या तक्रारी ऐकल्या, शिक्के मारले, पुढच्या खिडकीवर पाठवले. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची तक्रार होती! त्यांनी कागद काढले, मध्ये कार्बन घातले आणि तक्रार लिहिली, तीन प्रतींत. विषय, संदर्भ, तारीख, नुकसानीचं स्वरूप. गाडी दादानंच ओढून आणली होती, त्याचं गॅरेज सगळ्यात जवळ. काकू निघाल्या, काकांना म्हणाल्या, चला. काका हातातलं घड्याळ उघडं टाकून तसेच उठले. कपाळावर भिंग तसंच.

रस्ताभर काका सांगायचं म्हणत होते. सांगणारच होते. पण काकू इतक्या भरभर चालत होत्या आणि इतकं भरभर बोलत होत्या की मध्ये एक शब्द घुसवायला फट नाही. निदान नंतर काकांनी असं सांगितलं. मला विचारशील तर फट असते. आपण ती शोधत नाही, एवढंच.

गॅरेजमध्ये दादा इंजिनचं कव्हर काढत होता. शेजारी एक चष्मेवाले गृहस्थ उभे होते, त्यांची गाडी नेमकी बेल्ट बदलायलाच आलेली. काकूंनी पहिली प्रत दादासमोर धरली आणि सुरुवात केली. बारा दिवसांपूर्वी बेल्ट बदलला आणि आज पोरगी चढावर अडकली, मागून ट्रक आला असता तर, तिची नोकरी गेली तर, याला काम म्हणतात का. दादा ऐकता ऐकता गोंधळला. त्याच्या तोंडावर दिसत होतं की तो म्हणणार आहे, बाई, ही गाडी माझ्याकडे आलीच नव्हती. त्यानं तोंड उघडलंही. पण तोपर्यंत त्याच्या हातून कव्हर निघालं होतं. त्यानं आत टॉर्च मारला, बघितलं, काहीतरी दिसलं म्हणून टॉर्च विझवला आणि परत बघितलं.

इंजिनच्या अंधारात तीन हिरवे ठिपके चमकत होते. काजव्याच्या पिल्लांसारखे.

दादानं टेन्शनरच्या बोल्टला बोट लावलं. नुसतं बोट. बोल्ट गरगर फिरला. खालचा मोठा, सुतारकाकांनी पाईपनं आवळलेला, तो मात्र तसूभर हलला नव्हता. मग त्यानं मान वळवून काकांकडे बघितलं. कपाळावरच्या भिंगाकडे बघितलं. खाली हातांकडे बघितलं. आणि उघडलेलं तोंड त्यानं मिटलं.

आता खरं सांग, त्याच्या जागी दुसरा कोणी असता तर? अक्कल काढली होती ना या माणसानं माझी, चार जणांसमोर? आज इथे बायको आहे, गिऱ्हाईक आहे, नुसतं बोट दाखवायचं बाकी आहे! पण दादा रुमालाला हात पुसत काकूंना एवढंच म्हणाला:

“बोल्ट ढिला राहिला, ताई. माझ्याकडूनच राहिला असेल. मी करून देतो.”

काकूंना हे अपेक्षितच नव्हतं. त्यांच्या खिडकीवर वीस वर्षांत कोणी लगेच मान्य केलं नव्हतं. त्या प्रत हातात धरून नुसत्या उभ्या राहिल्या. काकांना वाटलं, सुटलो. खरंच वाटलं, त्यांनी स्वतः कबूल केलंय.

आणि तेवढ्यात ते चष्मेवाले घसा साफ करून म्हणाले की दादा, माझी गाडी राहू द्या आज. घाई नाहीये. नंतर बघू.

दादानं खिळ्यावरची त्यांची किल्ली काढली आणि त्यांच्या हातात ठेवली. जसं तेव्हा वडिलांचं घड्याळ उचलून गेला होता, तसंच. काकांना ते दिसलं. तोच चेहरा. त्या दिवशी दुकानात काकांनी तो चेहरा बघितलाच नव्हता, ते गिऱ्हाइकांच्या हसण्याकडे बघत होते.

काका म्हणाले, “थांबा. तो बोल्ट मी आवळलाय.”

सगळे थांबले. काका सगळं बोलले मग, भुशातलं आवार, काड्यापेट्या, दोन बोटं, सगळं. काकूंनी ऐकलं. हातातल्या तीन प्रतींकडे बघितलं. शांतपणे पेनाला टोपण लावलं आणि म्हणाल्या, “म्हणजे मी तुमच्याविरुद्ध तक्रार लिहिलीय? कार्बन घालून?”

चष्मेवाल्यांनी आपली किल्ली गुपचूप खिळ्यावर परत अडकवली. काकांना जरा बरं वाटलं. पण तो माणूस दारातून मागे वळला आणि विचारता झाला, तुम्ही कोपऱ्यावरचे घड्याळवाले ना? माझं घड्याळ तुमच्याकडे आहे दुरुस्तीला. काका हो म्हणाले. तर म्हणाला, नाही, मग ते मी संध्याकाळी येऊन घेऊन जातो, जसं असेल तसं!

काकू बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या. काकांनी दादाला हळूच विचारलं की तू स्वतःवर का घेतलंस? दादा इंजिनात डोकं घालूनच बोलला. म्हणाला, चार माणसांत ऐकून घ्यायला कसं वाटतं ते मला माहीत आहे ना. तीस वर्षांत एक स्क्रू तुटला नाही म्हणतात. मोजायला हवं होतं नीट.

दुपारी भिंगरी बसनं आली. मास्तर चार नाही, सहा पावलं चालले होते, ते सांगतच ती आत शिरली आणि बाबांचा चेहरा बघून थांबली. काकांनी मनात वाक्य जुळवून ठेवलं होतं. म्हणाले, बाळ, गाडी दादाकडे आलीच नव्हती. मी...

“मला माहीत आहे,” भिंगरी म्हणाली.

काकांना वाटलं, हिला काकूंनी फोन केला. काकूंनी मान हलवली, मी नाही.

“पहिल्याच दिवशी कळलं मला, बाबा. गाडीत बसले आणि डॅशबोर्डवर बघितलं. घड्याळ बरोबर लावलेलं. सेकंदाला सेकंद. दादा कशाला लावतोय ते?”

बघ हं. माणसानं पूर्ण इंजिन उघडून बंद केलं, काड्यापेट्या लपवल्या, भुसा झटकला, हात तीनदा धुतले. आणि समोर एक घड्याळ चुकीचं लुकलुकतंय हे काही त्यांना बघवलं नाही. बोट आपोआप गेलं असणार. त्यांना स्वतःला आठवतही नव्हतं.

काकांनी विचारलं, मग बोलली का नाहीस? का चालवलीस? ती बॉनेटवर बोटानं धूळ पुसत राहिली. मग म्हणाली की तुम्ही शीळ घालत होतात. किती वर्षांनी. मला वाटलं, विचारलं की बंद होईल.

“भीती नाही वाटली?”

“चढावर वाटायची,” ती म्हणाली.

पुढचा आठवडा भिंगरी बसनं फिरली. पहाटे उठून, दोन दोन बस बदलून, एकाही पेशंटकडे उशीर केला नाही, आणि नोकरी टिकली. टिकली म्हणजे जेमतेम, तिच्या कामावरच्या मोठ्या बाईंनी डायरीत काहीतरी लिहिलं म्हणे. इकडे दादानं इंजिनचं हेड, म्हणजे व्हॉल्व्ह बसतात तो वरचा भाग, उतरवलं. चार व्हॉल्व्ह वाकले होते, ओळीनं, बाकी वाचले. गॅरेजमागे तशीच एक मोडकी गाडी पडली होती, तिचे व्हॉल्व्ह काढले. पण ते नुसते घालून चालत नाही. प्रत्येक व्हॉल्व्ह त्याच्या खाचेत बारीक लेप लावून तळहातात काठी घेऊन घासत बसायचं, पुढे-मागे, पुढे-मागे, जोपर्यंत दोघांच्या कडा एकमेकांवर अशा बसतात की हवासुद्धा जाणार नाही. जोर दिला की खड्डा पडतो. दादा त्या कामाला कंटाळतो, त्याच्या हातांना ते सोसत नाही. त्यानं काठी काकांपुढे धरली. म्हणाला, याला हलकाच हात लागतो.

काकांनी दुकानाला कुलूप लावलं आणि सहा दिवस उलट्या डब्यावर बसून व्हॉल्व्ह घासले. भिंग लावून. सगळे सोळा. वाकले नव्हते तेसुद्धा! दादा मधूनमधून येऊन रॉकेल ओतून बघायचा, गळतंय का. एक थेंब गळला नाही. चौथ्या दिवशी दादानं खिशातून फडक्यात बांधलेलं वडिलांचं घड्याळ काढलं आणि डब्याशेजारी ठेवलं. काकांनी त्याची मोडलेली चावी बसवली. आणि त्या दिवशी संध्याकाळी दादाला चावी द्यायला शिकवलं. कुठे थांबायचं ते बोटांना कसं कळतं, ते. दादाचं बोट धरून.

शेवटच्या दिवशी नवा बेल्ट चढला. यावेळी ठिपके दादानंच द्यायला लावले, रेडियमचे, म्हणाला दिसतात छान. टेन्शनरचा बोल्ट राहिला. दादानं एक लांब पाना आणला, त्यावर आकडा लावता येतो, तेवढा जोर झाला की तो पाना कट् करतो. आकडा पुस्तकातलाच, काका ज्याला हसले होते तो. दादा आवळायला वाकला, तर भिंगरी म्हणाली, बाबांना द्या.

काकू बाकावरून अर्ध्या उठल्या. दादानं भिंगरीकडे बघितलं, काकांकडे बघितलं आणि पाना पुढे केला.

काकांनी आवळायला सुरुवात केली. थोडं अडलं, हात थांबला. दादा म्हणाला, अजून. काकांनी अजून थोडं फिरवलं. अजून. काकांच्या कपाळावर घाम. त्यांना सगळ्या अंगातून कळत होतं की आता तुटणार, आता तुटलाच. दादा म्हणाला, सगळी बोटं लावा, काका, अंगठी घातलेलंसुद्धा. काकांनी डोळे गच्च मिटले, सगळी बोटं लावली, खांदा लावला.

कट्.

काका डोळे उघडेपर्यंत किती वेळ गेला माहीत नाही. बोल्ट जागेवर होता, अख्खा. मग त्यांनी जे केलं ते त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं. पाना दादाच्या हातात परत दिला आणि म्हणाले, तू एकदा बघतोस का?

दादानं बघितलं. हलला नाही.

गाडी चालू झाली. भिंगरीनं दार उघडून दिलं, काका तिच्या शेजारी बसले. समोर डॅशबोर्डवर बारा वाजून शून्य मिनिटं, लुकलुकत, बॅटरी काढली होती ना. काकांचं बोट निम्म्यापर्यंत गेलं आणि चोरी पकडल्यासारखं थांबलं. भिंगरी आरशात बघत म्हणाली की लावा, लावा. लावल्याशिवाय मला गाडी माझी वाटत नाही.

काकांनी मनगटावर बघून लावलं. सेकंदाला सेकंद. आणि गाडी टेकडीच्या चढाला लागली.

झालं. आता बोल. पण बोलायच्या आधी एक सांग, मी चार दिवस याच विचारात आहे. काकांचं सोड, दादाचंही सोड. भिंगरीचं धर. पहिल्याच संध्याकाळी तू गाडीत बसलीस, ते घड्याळ बघितलंस, आणि तुला कळलं की हे इंजिन कोणी उघडलंय. बाहेर फाटकात तुझे बाबा उभे आहेत, शीळ घालतायत. तू काय केलं असतंस? विचारलं असतंस, का गिअर टाकला असतास?